वायूचं वजन काट्यावर दिसत का नाही?

हवेला वजन असतं हे दाखवायचा एक प्रयोग शाळेत सगळ्यांनी पाहिलेला असतो. काठीच्या दोन टोकांना दोन फुगलेले फुगे बांधायचे, मधोमध दोरी बांधून काठी समतोल टांगायची आणि एक फुगा टाचणीने फोडायचा. काठी दुसऱ्या फुग्याच्या बाजूला कलते. "बघा, हवेला वजन असतं!" आणि तास संपतो.

हा प्रयोग मला कधीच पटला नाही. एक तर फुगा फुटताना रबराचे तुकडे उडतात आणि तेवढ्यानेही काठी कलू शकते. पण खरी गोम वेगळी आहे आणि ती कळली की वायूंच्या घनतेचं निम्मं कोडं सुटतं.

फुग्याऐवजी प्लास्टिकची पिशवी घ्या. चुरगळून, सगळी हवा काढून तिचं वजन करा. मग तीच पिशवी हवेत फिरवून हवा भरून घ्या, तोंड बांधा आणि पुन्हा काट्यावर ठेवा. पिशवीत पाच लिटर हवा असेल तर तिचं वस्तुमान सहा ग्रॅमच्या आसपास असायला हवं. एक शतांश ग्रॅम दाखवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर सहा ग्रॅम ही भलीमोठी रक्कम आहे. पण आकडा जागचा हलत नाही. मुलं साहजिकच म्हणतात, हवेला वजन नसतं. काट्यावर जे दिसलं त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे, पण त्यांच्या जागी मीही तोच काढला असता.

विहिरीतून पोहरा शेंदताना काय होतं ते आठवा. पोहरा पाण्यात बुडालेला असतो तोवर दोर हलका लागतो. पोहऱ्यातल्या पाण्याला वजन नाही असं नव्हे, भोवतालचं पाणी ते तोलून धरतं. पोहरा पाण्याबाहेर आला की हाताला खरा भार कळतो. आपण, आपला काटा आणि ती पिशवी, सगळे हवेच्या समुद्रात तळाशी बुडालेले आहोत. फुगलेल्या पिशवीने पाच लिटर हवा बाजूला सारली, त्यामुळे तिच्यावर सहा ग्रॅम वजनाइतकं प्लावक बल, म्हणजे भोवतालच्या हवेचा वर उचलणारा रेटा, लागलं. आत सहा ग्रॅम, वर सहा ग्रॅम. हिशोब शून्य.

मग फुग्याची काठी का कलते? फुग्याचं रबर आतली हवा दाबून धरतं. आतला दाब बाहेरच्यापेक्षा काही टक्के जास्त असतो. तीन टक्के धरला तर पाच लिटरच्या फुग्यात सुमारे 0.18 ग्रॅम हवा जास्तीची असते. काठी त्या जास्तीच्या हवेने कलते. सहा ग्रॅम तिथेही दिसत नाहीतच.

म्हणजे काटा वायूचं वजन सांगत नाही. वायू आणि त्याने बाजूला सारलेली हवा यांच्यातला फरक सांगतो. पुढचे सगळे प्रयोग म्हणजे या फरकातून खरा आकडा काढायच्या युक्त्या आहेत.

गॅलिलिओची बाटली

पहिली युक्ती जुनी आहे. भांड्याचं बाहेरचं आकारमान तेच ठेवायचं आणि आत हवा कोंबायची. प्लावक बल बदलत नाही, आतली हवा वाढते, त्यामुळे काट्यावर वाढलेला आकडा हा निव्वळ हवेचा असतो. गॅलिलिओने काचेच्या भांड्यात हवा कोंबून, तिचं वजन करून आणि मग ती बाहेर सोडून तिचं आकारमान मोजायची रीत 1638 साली छापलेल्या आपल्या ग्रंथात दिली आहे. पाणी हवेच्या सुमारे 400 पट जड आहे असं उत्तर त्याला मिळालं. खरं उत्तर 800 च्या थोडं वर आहे. हाताशी होतं त्या साधनांत हा अंदाज वाईट नाही.

आज हे सव्वा लिटरच्या शीतपेयाच्या प्लास्टिक बाटलीवर करता येतं. झाकणाला भोक पाडून त्यात सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह घट्ट बसवायचा आणि पंपाने हवा भरायची. बाटली दगडासारखी टणक लागली की पुरे. बाटली नवी, ओरखडे नसलेली हवी आणि काचेची तर अजिबात नको. पंप मारल्यावर आतली हवा तापते, म्हणून दहा मिनिटं थांबायचं, नाहीतर गरम बाटलीभोवती वर चढणारी हवा काट्याला नाचवते.

मग वजन. समजा 61.84 ग्रॅम. आता व्हॉल्व्हला नळी लावून तिचं दुसरं टोक पाण्याने भरून उपड्या ठेवलेल्या एक लिटरच्या मोजपात्राखाली न्यायचं आणि हळूहळू हवा सोडायची. मोजपात्र वर-खाली करून आतलं आणि बाहेरचं पाणी एका पातळीत आलं की आतल्या हवेचा दाब बाहेरच्या इतका झाला. हे आळसाने सोडून दिलं आणि पातळीत दहा सेंटिमीटरचा फरक राहिला, तर आकारमानात एक टक्क्याची चूक शिरते. एक लिटर हवा बाहेर आली की नळी काढायची आणि पुन्हा वजन. समजा 60.69. फरक 1.15 ग्रॅम, म्हणजे घनता लिटरला 1.15 ग्रॅम.

खोलीत 27 अंश सेल्सिअस असेल तर समुद्रसपाटीजवळ कोरड्या हवेची घनता लिटरला 1.18 ग्रॅम असते. मग तीन शतांश कुठे गेले? बहुतेक पाण्यात. मोजपात्रात जमलेली हवा पाण्यावर उभी असते, त्यामुळे वाफेने पुरती भरून जाते. 27 अंशांना त्या लिटरभरात साडेतीन टक्के जागा पाण्याची वाफ अडवते आणि त्या वाफेचा बराच भाग मोजपात्रातल्या पाण्यातून आलेला असतो, बाटलीतून नव्हे. म्हणजे बाटलीतून आलेली हवा लिटरभराला थोडी कमीच असते आणि आपण भागाकार मात्र पूर्ण लिटरने करतो. मुलांना "प्रयोगात चूक झाली" असं लिहायची सवय असते. इथे चूक कुठे झाली आणि केवढी झाली हेही लिहिता येतं, हे त्यांना दाखवावं.

दोन गोष्टींनी माझं हसं झालेलं आहे, त्या सांगून ठेवतो. पहिली पाण्याचा थेंब. मी एकदा बाटलीच धरून पाण्यात बुडवली, वरवर पुसली आणि काट्यावर ठेवली. हवा सोडूनही वजन वाढलं! पाण्याचा एक थेंब साधारण 0.05 ग्रॅमचा असतो, म्हणजे चाळीसेक मिलिलिटर हवेइतका. झाकणाच्या आट्यांत असे पंचवीस-तीस थेंब सहज दडून बसतात. तेव्हापासून बाटली कोरडी आणि नळी लांब. दुसरी गोष्ट बाटलीच्या फुगण्याची. मऊ बाटलीत हवा भरली की ती किंचित फुगते, बाहेरचं आकारमान वाढतं आणि प्लावक बलही वाढतं. म्हणून सगळी हवा सोडायची नाही. दोन्ही वजनांच्या वेळी बाटली टणकच असली पाहिजे.

खिळा घातलेली सिरिंज

दुसरी युक्ती उलटी: हवा कोंबण्याऐवजी काढून टाकायची. 60 मिलिलिटरची प्लास्टिकची सिरिंज घ्यायची, सुईविना. दट्ट्या पूर्ण आत ढकलून तोंड टोपणाने बंद करायचं आणि दट्ट्या 50 च्या खुणेपर्यंत ओढायचा. हे वाटतं तितकं सोपं नाही. बाहेरची हवा दट्ट्याला सहा किलो वजनाइतक्या जोराने आत रेटत असते. (वातावरणाचा दाब हातानं अनुभवायचा असेल तर याहून स्वस्त साधन नाही.) दट्ट्याच्या दांड्याला आधीच एक भोक पाडून ठेवायचं आणि 50 च्या खुणेला त्यात खिळा घालायचा. खिळा सिरिंजच्या काठावर अडतो आणि आत जवळजवळ निर्वात पोकळी राहते.

या पोकळीसकट वजन करा. मग टोपण काढून तीच सिरिंज 50 मिलिलिटरपर्यंत हव्या त्या वायूने भरा, टोपण लावा, पुन्हा वजन करा. बाहेरून सिरिंज दोन्ही वेळा तेवढीच, त्यामुळे प्लावक बलाचं लचांड आपोआप कटतं. उरतो तो फक्त वायू.

हे आकडे मात्र चिमुकले असतात. 50 मिलिलिटर हवा सुमारे 0.06 ग्रॅम, कार्बन डायऑक्साइड 0.09, ऑक्सिजन 0.065, हायड्रोजन जेमतेम 0.004. त्यामुळे एक सहस्रांश ग्रॅम दाखवणारा काटा हवा. शतांशवाल्या काट्यावर हवा आणि कार्बन डायऑक्साइड वेगळे दिसतील, पण हवा आणि ऑक्सिजन यांत फरक करता येणार नाही. आणि हायड्रोजन असून नसल्यासारखा.

इथे हमखास होणारी गफलत म्हणजे खिळा. वायू भरल्यावर दट्ट्या जागेवर राहायला खिळा लागत नाही, म्हणून मुलं तो टेबलावर विसरतात. मग हायड्रोजनचं वजन उणे दोन ग्रॅम येतं आणि एखादा हुशार मुलगा "म्हणूनच हायड्रोजनचे फुगे वर जातात" असं स्पष्टीकरणही लिहून मोकळा होतो. खिळा दोन्ही वेळा काट्यावर हवा.

अर्ध्या वर्गाचं उत्तर

तिसरा प्रयोग मला सगळ्यांत आवडतो, कारण तो विचार करायला लावतो. एक शंकुपात्र आणि त्याचं बूच. हवा असलेलं पात्र बूच लावून तोला. आता दुसऱ्या पात्रात खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून निघणारा कार्बन डायऑक्साइड नळीने या पात्राच्या तळाशी सोडा. तो हवेपेक्षा जड असल्याने तळापासून भरत जातो आणि हवा वरून ढकलली जाते. भरलं असं वाटलं की बूच लावा, तोला, पुन्हा थोडा वायू सोडा, पुन्हा तोला. आकडा वाढायचा थांबला म्हणजे आत हवा उरली नाही. शेवटी पात्र बुचापर्यंत पाण्याने भरून ते पाणी मोजा. पात्रावर छापलेल्या 250 वर विसंबू नका. बुचापर्यंतची खरी जागा नेहमी जास्त भरते.

समजा जागा 272 मिलिलिटर निघाली. हवा असताना वजन 118.43, वायू भरल्यावर 118.59. फरक 0.16 ग्रॅम. आता घनता काढा.

अर्धा वर्ग 0.16 ला 0.272 लिटरने भागतो आणि लिटरला 0.59 ग्रॅम असं उत्तर लिहितो. म्हणजे हवेच्या निम्मी! आत्ताच जो वायू हवेपेक्षा जड म्हणून तळाशी बसला, तो गणितात हलका निघाला. हा विरोध मुलांनी स्वतः पकडेपर्यंत शिक्षकाने तोंड बंद ठेवावं. पात्र "रिकामं" होतं तेव्हा त्यात हवा होतीच. 0.16 हा कार्बन डायऑक्साइड आणि हवा यांच्यातला फरक आहे. म्हणून 0.59 मध्ये हवेचे 1.18 मिळवायचे. उत्तर 1.77. पुस्तकी उत्तर 27 अंशांना 1.79. शतांश ग्रॅमच्या काट्यावर याहून जवळ जाता येणार नाही, कारण शेवटच्या एका आकड्याची हालचालच उत्तरात 0.04 चा फरक पाडते.

अकरा मिलिग्रॅम

एवढ्या बारीक फरकांमागे लागून काय मिळतं, याचं एक उत्तर लॉर्ड रॅली या इंग्रज भौतिकशास्त्रज्ञाच्या कामात आहे. 1890 च्या दशकाच्या सुरुवातीला ते वायूंच्या घनता अतिशय काटेकोरपणे मोजत होते. काचेचा मोठा गोळा निर्वात करून तोलायचा, वायू भरून तोलायचा. प्लावक बलाचा त्रास टाळायला त्यांनी तराजूच्या दुसऱ्या बाजूला तेवढ्याच आकारमानाचा बंद गोळा टांगला होता. बाहेरची हवा गरम होवो, थंड होवो, दमट होवो, दोन्ही गोळ्यांना सारखीच उचलणार. निर्वात केल्यावर काचेचा गोळासुद्धा किंचित आकसतो आणि त्याची दुरुस्ती करावी लागते, हेही त्यांच्या लक्षात आलं होतं. आपली फुगणारी बाटली आणि त्यांचा आकसणारा गोळा, दुखणं एकच.

नायट्रोजन त्यांनी दोन वाटांनी मिळवला. एकदा हवेतून ऑक्सिजन वगैरे काढून टाकून, एकदा रासायनिक संयुगांपासून. हवेतल्या नायट्रोजनने गोळा भरला की 2.310 ग्रॅम, रासायनिक नायट्रोजनने भरला की 2.299. फरक अकरा मिलिग्रॅम, अर्ध्या टक्क्याच्या आत. दुसऱ्या कोणी तो प्रयोगातली चूक म्हणून सोडून दिला असता. रॅलींनी पुन्हा पुन्हा मोजलं, फरक हटेना. मग रसायनशास्त्रज्ञ विल्यम रॅम्झी यांच्यासोबत शोध घेतल्यावर 1894 मध्ये कळलं की हवेतल्या "नायट्रोजन"मध्ये एक अनोळखी, जड, आळशी (म्हणजे सहसा कशाशीही संयोग न पावणारा) वायू मिसळलेला आहे. तो आर्गॉन. आपल्या प्रत्येक श्वासात तो जवळजवळ एक टक्का असतो. 1904 साली रॅलींना भौतिकशास्त्राचं आणि रॅम्झींना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

न मोजता अंदाज

मोजण्याआधी उत्तर साधारण किती येईल हे काढायची सोय 1811 साली अवोगाद्रो या इटालियन शास्त्रज्ञाने करून ठेवली आहे. तापमान आणि दाब सारखे असतील तर सारख्या आकारमानात रेणूंची संख्या सारखीच, मग वायू कोणताही असो. म्हणजे लिटरभर वायू जड की हलका हे केवळ एकेक रेणू किती जड यावर ठरतं. 20 अंशांना सर्वसाधारण दाबाखाली 24 लिटर वायूचं वस्तुमान म्हणजे त्याचं रेणुवस्तुमान (एका रेणूतल्या सगळ्या अणूंच्या वस्तुमानांची बेरीज), ग्रॅममध्ये. हायड्रोजन 2, हेलियम 4, नायट्रोजन 28, ऑक्सिजन 32, कार्बन डायऑक्साइड 44. हवा हे मिश्रण असल्याने तिची सरासरी 29. कोणत्याही वायूचा आकडा 29 शी ताडून पाहिला की तो हवेत वर जाईल की खाली हे लगेच कळतं. कार्बन मोनॉक्साइड 28 म्हणजे जवळपास बरोबरीचा. तो जमिनीलगत साचतो असं अनेकजण छातीठोकपणे सांगतात, ते खरं नाही.

हीच वाट उलटीही चालता येते. सिगारेट लायटरमधला ब्यूटेन पाण्यावर गोळा करायचा आणि लायटरचं वजन किती घटलं ते पाहायचं. 25 अंशांना 100 मिलिलिटर वायू जमला आणि लायटर 0.23 ग्रॅमने हलका झाला, तर वाफेची जागा वजा करून रेणुवस्तुमान 58 येतं. ब्यूटेनचं खरं रेणुवस्तुमान तेवढंच आहे. वाफ विसरलात तर 56. उत्तर त्याहूनही खाली आलं तर इंधनात प्रोपेन मिसळलेला असू शकतो. लायटर पूर्ण कोरडा करून तोलायचा, खिडक्या उघड्या ठेवायच्या आणि जवळपास एकही ज्योत नको.

या 29 च्या फूटपट्टीने एक मजेशीर गोष्ट निघते. पाण्याचा रेणू 18 चा. म्हणजे हवेत वाफ मिसळली की हवा हलकी होते. दमट दिवशी "हवा जड झालीय" असं आपण म्हणतो, पण जड होतो तो आपला जीव. हवा उलट हलकी झालेली असते.

एक गैरसमज मात्र या प्रयोगांमुळेच पसरतो, त्याला इथेच आवर घालायला हवा. जड वायू तळाशी बसतो हे पात्रात दिसलं की मुलांना वाटतं, खोलीतही कार्बन डायऑक्साइड जमिनीलगत थर करून राहत असणार. तसं होत नाही. रेणू सतत धडपडत, एकमेकांवर आदळत पसरतात आणि एकदा मिसळलेले वायू वजनाप्रमाणे पुन्हा निवडून वेगळे होत नाहीत. तेल-पाण्याचं उदाहरण इथे गैरलागू आहे. थर तेव्हाच दिसतो जेव्हा वायू एकदम, मोठ्या प्रमाणात आणि शांत हवेत येतो. कॅमेरूनमधल्या न्योस सरोवरातून 21 ऑगस्ट 1986 च्या रात्री असाच कार्बन डायऑक्साइडचा प्रचंड लोट उसळला, दऱ्यांमधून उताराने वाहत गेला आणि सुमारे 1,700 माणसं झोपेतच गुदमरली. तोच वायू एरवी आपल्या खोलीत छतापासून जमिनीपर्यंत सारखाच पसरलेला असतो. बूच काढून ठेवलेल्या शंकुपात्रातला वायूही पाहता पाहता हवेत मिसळून जातो आणि काट्यावरचा आकडा सावकाश मागे सरकतो. तो मागे सरकताना पाहायला पाच मिनिटं राखून ठेवा.

वर्गात एकच तास मिळत असेल तर सिरिंज आणि बाटली राहू द्या. पिशवी आणि शंकुपात्र एवढंच करा. पिशवीने प्रश्न पडतो, शंकुपात्राने तो सुटतो आणि दोन्हींना शतांश ग्रॅमचा काटा पुरतो. वहीत वजनांच्या रकान्यांशेजारी खोलीचं तापमान आणि त्या दिवशीचा हवेचा दाब यांसाठीही दोन रकाने आखून घ्या. 20 चे 30 अंश झाले तर हवेची घनता तीन टक्क्यांनी घटते, आणि समुद्रसपाटीपासून दीड किलोमीटर उंचावरच्या वर्गात ती पंधरा टक्क्यांच्या आसपास कमी भरते. तिथे 1.18 मिळवून गणित केलं तर वायू बरोबर असूनही उत्तर चुकेल.